हॉलमध्ये सरोवर लावावं की धुकं?

मे महिन्यात भर दुपारी सोलापूरच्या होटगी रस्त्यावरून घरी आलं, की डोळ्यांना आधी पाणी हवं असतं. म्हणूनच हॉलसाठी रानावनाचं चित्र निवडताना मन पहिल्यांदा अमेरिकी चित्रकार आल्बर्ट बिअरस्टाटच्या 'सिएरा नेवाडा'कडे, कॅलिफोर्नियातल्या डोंगररांगेच्या चित्राकडे धावतं. १८६८ च्या या चित्रात उंच कडे आहेत, ढग फोडून उतरलेला उजेड आहे आणि सरोवराकाठी हरणांचा कळप आहे. दुसरं चित्र जर्मन चित्रकार कास्पार डाविड फ्रीडरिशचं, १८१८ च्या सुमाराचं: खडकावर पाठमोरा माणूस, समोर धुक्याचा समुद्र. दोन्ही देखावे जसेच्या तसे कुठेही सापडणार नाहीत. रेखाटनं जुळवून चित्रकारांनी ते रचले आहेत.

माझा कौल फ्रीडरिशला, आणि तो मापामुळे. बिअरस्टाटचं मूळ चित्र साधारण ६ बाय १० फूट. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर फार तर ५ फूट रुंद प्रत बसते. ३ फुटी घेतली, तर हरणं शोधावी लागतात. जाड विणीच्या कॅनव्हासवर तर ती हरवतातच. फ्रीडरिशचं मूळ चित्रच जेमतेम ३ फूट उंच आणि अडीच फूट रुंद आहे, म्हणजे तो माणूस घरात मूळ चित्राच्याच मापाने उभा राहतो. त्याचे वाऱ्याने विस्कटलेले केससुद्धा दिसतात. मात्र घरात लांब मोकळी भिंत असेल आणि ८-१० फूट मागे सरून बघता येत असेल, तर बिअरस्टाटच घ्या. तो उजेड दुसऱ्या चित्रात नाही.

फ्रीडरिशला साधी काच लावू नका. खिडकी समोर आली, की त्या माणसाच्या गडद कोटात पंखा फिरताना दिसतो. कॅनव्हास बरा, पण आपल्याकडच्या धुळीमुळे दर आठवड्याला मऊ, कोरडा ब्रश फिरवावा लागतो. ओलं फडकं नको. पांढऱ्या भिंतीवर धुकं विरून जातं, तेव्हा फ्रेम गडद लाकडी घ्या.

छपाई पिगमेंट शाईचीच मागा, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या, उन्हात सहज न उडणाऱ्या शाईची. माझी पहिली प्रत स्वस्त शाईची होती. पश्चिमेच्या खिडकीसमोर दोन उन्हाळ्यांत तिचा लाल-पिवळा उडाला आणि सगळं चित्र निळसर पडलं. फार वाईट वाटलं.

खिळा ठोकण्याआधी वर्तमानपत्रं जोडून त्या मापाचा कागद भिंतीला चिकटवा. त्याचा मध्य जमिनीपासून ५ फुटांच्या आत ठेवा. दोन दिवस राहू द्या, आणि संध्याकाळी ५ वाजता ऊन कुठवर येतं तेही बघा.