१ ग्रॅमचा डिजिटल वजनकाटा: छोट्या ब्रीडची पिल्लं होणार असतील तर बाटलीच्या आधी हा घ्या

चार स्टार देतेय, पाचवा का कापला ते खाली लिहिलंय.

आमच्या पॉमेरेनियन कुत्रीला तीन पिल्लं झाली, दोन १३० ग्रॅमच्या आसपास आणि तिसरं फक्त ९२, मुठीत मावेल एवढं. नुसतं बघून काही कळत नाही हो, पिल्लू आचळाला चिकटलेलं दिसतं आणि आपल्याला वाटतं पितंय, पण ते नुसतं तोंड लावून पडलेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर ८९ आलं, संध्याकाळी ८६, बाकीची दोघं मात्र वाढलेली. पोटाला हात लावला तर गार, करंगळी तोंडात घातली तरी चोखेना.

मी लगेच बाटली भरायला घेतली होती पण डॉक्टरांनी फोनवरच थांबवलं. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नाही, त्याची आतडी काम करत नाहीत, दूध पोटात तसंच राहतं नाहीतर श्वासनळीत जातं. आधी ऊब, आणि तीसुद्धा हळूहळू, कारण एवढ्या लहान पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, थंडीने थरथरताही येत नाही. तासाभराहून जास्त वेळ छातीशी धरून बसले, मग क्लिनिकमध्ये नळीने दूध दिलं (पिल्लांची मिल्क पावडर बरं का, गाईचं नाही, त्यात प्रोटीन आणि फॅट दोन्ही कमी पडतं). नंतर चोखायला लागल्यावर दर दोन तासांनी बाटली, पण पालथंच ठेवून, आपल्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की ठसका लागून दूध फुफ्फुसात जाऊ शकतं.

आता काट्याचं. पिल्लाचं वजन रोज जन्माच्या वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के वाढायला हवं, म्हणजे आमच्या छोटीला ५ ते ९ ग्रॅम. पाच-पाच ग्रॅमने आकडा बदलणारा काटा इथे बिनकामाचा. दिवसातून दोनदा, पाजायच्या आधी वजन करून वहीत लिहायचे, ८६, ८८, ९३, तो ९३ बघून मी रडलेच. तेराव्या दिवशी १८८ झालं, डोळेही किलकिले उघडलेले.

तक्रार एवढीच की पिल्लू वळवळलं की आकडा स्थिर होत नाही आणि तोवर काटा आपोआप बंद होतो, मग सगळं पहिल्यापासून. वरची प्लेट स्टीलची आणि गार आहे, त्यामुळे खोलगट वाडग्यात कोमट फडकं घालून आधी शून्य करून घ्या, मग पिल्लू ठेवा, त्यात ते शांतही पडून राहतं. आणि सेल उतरले की आकडे भलतेच येतात, माझ्याकडे एकदा रात्री तीन वाजता १५ ग्रॅम कमी दाखवले आणि हातपाय गळाले, जास्तीचे सेल घरात ठेवाच.