उन्हात निघण्यापूर्वी : चण्याचा सत्तू की सातूचे पीठ?

रस्त्यांच्या मोजणीचे काम असल्यामुळे एप्रिल ते जून हे तीन महिने माझे बहुतेक उघड्यावरच जातात. त्यातले चार उन्हाळे मी पाटणा आणि त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांत काढले, आणि त्यानंतरचे सगळे वर्धा-चंद्रपूरच्या पट्ट्यात. त्यामुळे बिहारचे सत्तूचे सरबत आणि आपल्या घरचे सातूचे पीठ ही दोन्ही पेये मी हौसेखातर नव्हे, तर सकाळची न्याहारी म्हणून दीर्घकाळ घेतलेली आहेत. गेल्या दोन वर्षांत ओळखीच्या अनेकांनी ‘यातले नेमके काय सुरू करावे’ असे विचारले. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांचा समज असा होता की ही एकाच पदार्थाची दोन नावे आहेत, आणि शहरातले काही दुकानदारही एकाच पाकिटाकडे बोट दाखवून कधी सत्तू तर कधी सातू म्हणत असल्याने त्यांना दोष देता येत नाही.

वास्तविक मराठीत सातू म्हणजे जव. तरीही आज बहुतेक घरांत जे सातूचे पीठ होते त्यात जव शोधूनही सापडत नाहीत. गहू आणि डाळे हाच त्याचा मुख्य ऐवज असतो. आमच्याकडे आई गव्हाला पाण्याचा हात लावून ते सडते, वाळवून खमंग भाजते, त्यात डाळे, जिरे, सुंठ आणि वेलदोडा घालून दळून आणते, आणि खाताना गुळाचे पाणी किंवा दूध घालून ते कालवते. बिहारमध्ये साधे ‘सत्तू’ म्हटले की बहुधा फक्त चणा समजावा. तिथे जवाचा आणि जव-चणा मिसळलेलाही सत्तू मिळतो, परंतु उन्हाळ्यात गाडीवर मीठ-लिंबू घालून जो मिळतो तो चण्याचाच. चणे तापलेल्या वाळूत भाजायचे, साल पाखडून काढायची आणि बारीक दळायचे, एवढीच त्याची कृती आहे.

पाटण्यातल्या पहिल्याच मे महिन्यात, पश्चिमेकडून येणारी लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, तोंडावर आदळत असताना, एका सहकाऱ्याने मला अशा गाडीसमोर उभे केले. गाडीवर ओल्या लाल फडक्यात गुंडाळलेला माठ होता आणि शेजारी पिवळसर पिठाचा डोंगर रचून त्यात हिरव्या मिरच्या खोचलेल्या होत्या. विक्रेत्याने लोट्यात दोन मुठी पीठ टाकले, काळे मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली, आधी अगदी थोड्या पाण्यात ते घोटून त्याची पेस्ट केली आणि मग माठातले पाणी ओतून रवीने घुसळले. वरून पुदिन्याची चटणी, बारीक चिरलेला कांदा आणि अर्धे लिंबू पडले. ग्लास संपत आला तेव्हा तळाशी गाळ उरला होता. न सांगता त्याने त्यात पुन्हा थोडे पाणी टाकले, ग्लास हातानेच गोल फिरवला आणि ‘पी जाइए’ म्हणून परत दिला. त्या दिवशी सकाळी साडेआठ ते दुपारी एकपर्यंत मला भुकेची आठवण झाली नाही. हे मोजमाप नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु पुढच्या चार वर्षांत हाच अनुभव इतक्या वेळा आला की त्याला योगायोग म्हणणे मला जड जाते.

याचे कारण समजायला फार अवघड नाही. भाजलेल्या चण्यात १०० ग्रॅममागे साधारण २० ते २२ ग्रॅम प्रथिने असतात, तर गव्हाच्या पिठात सुमारे १२. सत्तूच्या एका ग्लासात ३० ग्रॅम पीठ धरले तर ६ ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात, तंतू मिळतात, आणि चण्यातले पिष्ट गव्हाच्या मानाने सावकाश पचत असल्याने भूक लवकर उसळत नाही. तिकडचा मजूर गमछ्याच्या टोकाला सत्तू बांधून घराबाहेर पडतो आणि दुपारी मीठ, मिरची, कांदा व ओंजळभर पाण्यात तो मळून त्याचे गोळे खातो. चूल, भांडे, इंधन यांपैकी काहीही न लागणारे जेवण म्हणून त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही मी पाहिलेले नाही. मेष संक्रांतीला, म्हणजे १४ एप्रिलच्या सुमारास, तिथे सतुआन हा सण असतो आणि त्या दिवशी सत्तू व कोवळ्या कैरीची चटणी खातात. उन्हाळा सुरू होताना काय खावे हे सणालाच जोडून टाकण्याची ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते.

आता सातूच्या पिठाची बाजू, आणि ती दुबळी मुळीच नाही. प्रथिने ज्या घटकांची बनतात त्यांपैकी लायसिन डाळीत भरपूर आणि मेथिओनिन कमी, गव्हात नेमके उलट; त्यामुळे दोन्ही एकत्र आल्यावर प्रथिनांची प्रत सुधारते, आणि केवळ चण्याच्या सत्तूला हा लाभ नाही. जिरे-सुंठीमुळे ते पोटाला हलके वाटते. दुधातले सातू लहान मुले आवडीने खातात, उलट सत्तूचा तो किंचित धुरकट, मातकट वास पहिल्या दिवशी माझ्या भाच्याने नाक मुरडून नाकारला होता. ज्यांना हरभरा जास्त प्रमाणात बाधतो अशा वयस्कर माणसांना मी सत्तूचा आग्रह करणार नाही. घरी, पाटावर किंवा खुर्चीवर बसून, वाटी-चमच्याने सकाळी खायचे असेल तर सातूचे पीठ सत्तूच्या तोडीस तोड आहे, आणि चवीत कदाचित सरसच.

माझा निर्णय फिरला तो बाटलीमुळे. नागपूरकडे परतल्यावर सत्तू सहज मिळेना, म्हणून सातूचेच पीठ गुळाच्या पाण्यात पातळ कालवून बाटलीत भरून न्यायला मी सुरुवात केली. घरून निघताना ते ताकाइतके पातळ असे. गव्हाचे भाजलेले पीठ मात्र मुरत राहते, पाणी शोषून फुगत राहते, आणि अर्ध्या तासात त्याची खीर तर दोन तासांत चक्क लापशी होते. अधिक पाणी घालून पाहिले, पीठ कमी करून पाहिले, दोनदा चाळून पाहिले. फरक एवढाच पडला की चव गेली आणि घट्टपणा थोडा उशिरा आला. एकदा वर्ध्याबाहेर, मोजणीचे यंत्र तिकाटण्यावर लावून मी सावलीला उभा राहिलो आणि बाटली तोंडाला लावली. काही येईना. तळावर थाप मारली, तरी येईना. तिसऱ्या थापेला आतला सगळा ऐवज एकदम सुटला, शर्टावर आला आणि काखेतल्या मोजवहीच्या दोन पानांवर असा बसला की सकाळच्या एकोणीस नोंदी पुन्हा घ्याव्या लागल्या. हाताखालच्या मुलाने तोंड फिरवून हसू लपवले, ते मला अजून आठवते.

एवढ्यावर भागले असते तरी चालले असते. गुळाचे पाणी आणि पीठ हे मिश्रण ४४ अंशांच्या उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवले की आंबायला वेळ लावत नाही. बाराच्या सुमारास झाकण उघडताना ‘फस्स’ असा आवाज आला की ते सरळ रस्त्याकडेला ओतून टाकावे लागे. शिवाय संध्याकाळी बाटलीच्या खांद्याशी वाळून चिकटलेला थर काढायला लांब ब्रशही पुरत नसे, आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास झाकणाच्या रबरी चकतीतून येत राही. सत्तूही बाटलीत खाली बसतो, हे खरे. तासाभराने पाहिले तर वर पाणी आणि तळाशी तीन बोटे पीठ दिसते. परंतु झाकण लावून दहा-बारा वेळा हलवली की तो पुन्हा जसाच्या तसा होतो, आणि बाटली साध्या पाण्याने दोनदा खळबळली की स्वच्छ. खारे सरबतही उन्हात अमर नसते, म्हणून मी ते दोन-अडीच तासांत संपवतो, त्यात कांदा-कोथिंबीर घालत नाही आणि लिंबू वेगळे नेऊन ऐन वेळी पिळतो.

दुसरा मुद्दा गोडाचा. सातूचे पीठ मीठ घालून पिणारा माणूस मला अद्याप भेटलेला नाही; गूळ आलाच, आणि ३० ग्रॅम गूळ घातला म्हणजे त्यातली बहुतेक सगळी साखरच पोटात गेली. सत्तू मात्र मुळात खाराच चांगला लागतो. तथापि ‘मधुमेहींसाठी सत्तू अमृत’ अशी जी वाक्ये हल्ली ऐकू येतात, त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ३० ग्रॅम सत्तूतही १७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. ती दिवसाच्या हिशेबात धरावी लागतात, आणि हा ग्लास न्याहारीच्या जागी घ्यायचा असतो, न्याहारीवर नव्हे. आमच्या एका शेजाऱ्यांनी पोहे खाऊन वर सत्तू पिण्याचा प्रयोग महिनाभर केला आणि वजन वाढल्याची तक्रार माझ्याकडे घेऊन आले.

सावधगिरीच्या बाबतीत सत्तूचे पारडे उणे आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. चण्यातल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, त्या मोठ्या आतड्यात आंबतात आणि वायू धरतो. पाटण्यातला पहिला आठवडा माझा पोटावर हात ठेवूनच गेला होता. अर्ध्या ग्लासापासून सुरुवात केली आणि जिऱ्याची पूड सढळ हाताने घातली तर हा त्रास सहसा आठ-दहा दिवसांत निवळतो. निवळला नाही तर ते पेय आपले नव्हे असे समजावे. वाग्भटांनी अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात सातू रात्री, जेवणानंतर, नुसते कोरडे किंवा फार प्रमाणात खाऊ नयेत असे बजावले आहे, आणि हा नियम मी दोन्ही पिठांना लावतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने व पोटॅशियम या दोन्ही कारणांसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सत्तू सुरू करू नये. रक्तदाब असलेल्यांनी काळे मीठ म्हणजे निराळे, निरुपद्रवी मीठ असा गैरसमज ठेवू नये. सोडियम त्यातही असतेच. याउलट ज्यांना ग्लुटेन वर्ज्य आहे त्यांच्यासाठी गव्हाचे सातू बादच होते, आणि सत्तू घेतानाही त्यात जव मिसळलेले नाहीत ना, याची खात्री करावी लागते.

रस्त्यावरच्या गाडीबद्दल माझा जिव्हाळा मी वर लपवलेला नाही. तरीही पाणी आणि बर्फ कुठले, हे माहीत नसेल तर तिथे पिऊ नये, असेच मी सांगेन. कच्चा कांदा आणि उघडी चटणी यांतून कावीळ होऊ शकते. आणखी एक गोष्ट. सत्तू थंड असतो, उन्हाळी लागू देत नाही, असे सर्रास म्हटले जाते. माझ्या अल्प समजुतीप्रमाणे त्यातला उपकार मुख्यतः पाण्याचा, मिठाचा आणि रिकाम्या पोटी उन्हात न गेल्याचा आहे. एखाद्याला उन्हामुळे चक्कर आली, उलट्या झाल्या तर त्याला घट्ट सत्तू पाजू नये. शुद्धीवर असेल तर सावलीत नेऊन जलसंजीवनी द्यावी, आणि बोलण्यात भ्रम असेल किंवा अंग तापून शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काहीही न देता, अंग ओले करत दवाखाना गाठावा.

पीठ कुठून आणावे, याविषयी थोडेसे. पंढरपुरी डाळे मिक्सरमधून फिरवून सत्तू होतो असे अनेकजण सांगतात. तो होतोही, परंतु फिका होतो, त्याला वाळूत भाजल्याचा खमंगपणा येत नाही. त्यापेक्षा भडभुंज्याकडून बिनमिठाचे, हळद न लावलेले फुटाणे आणावेत, साले चोळून पाखडावीत आणि गिरणीत, गव्हाच्या नव्हे तर बेसनाच्या पाठोपाठ दळून घ्यावेत. मिक्सर वापरायचा झाल्यास थांबून थांबून फिरवावा, कारण पीठ तापले की गुठळ्या धरते. सुट्या पिठात स्वस्त डाळीची, विशेषतः आपल्या विदर्भात ओळखीच्या असलेल्या लाखोळीची भेसळ होऊ शकते, म्हणून दळलेल्यापेक्षा अख्खे फुटाणे घेणे मला सुरक्षित वाटते. दोन्ही पिठे पावसाळा लागला की खवट होतात आणि त्यांत अळ्या पडतात. महिनाभर पुरेल एवढेच करावे.

घरी बसून खाणाऱ्याला, मुलांसाठी विचारणाऱ्याला किंवा नुसत्या चण्याचा सत्तू न सोसणाऱ्याला मी आजही सातूचेच पीठ सुचवतो, आणि आईने ते पाठवले की रविवारी सकाळी दुधात कालवून स्वतःही खातो. ज्याला आठाच्या आत घर सोडायचे आहे आणि बरोबर बाटली न्यायची आहे, त्याने मात्र पाव किलो फुटाण्यांचा सत्तू करून पाहायला हरकत नसावी : दोन मोठे चमचे पीठ, आधी चार चमचे पाण्यात गुठळी मोडेपर्यंत घोटलेले, मग माठाचे पाऊण ग्लास पाणी, चिमूटभर काळे मीठ, जिऱ्याची पूड. पहिले चार दिवस त्यातलेही निम्मेच प्यावे आणि उरलेले घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्यावे. बाटलीचे तोंड रुंद असले तर अधिक बरे.