‘ओरिजिनल, विथ बिल’ म्हणून घेतलेले बूट आणि माझ्यावर आलेला दिल्लीचा दावा

मी कराडला राहते. घरातूनच, मोबाइलवरच्या पेजवरून स्पोर्ट्स शूज विकायचे. आज दिल्लीच्या व्यापारी न्यायालयात माझ्यावर दावा आहे, नकली ट्रेडमार्कचा माल विकल्याचा. कंपनी जगभर माहीत असलेली आहे, पण प्रकरण चालू असल्यामुळे नाव लिहीत नाही. मागितलेली नुकसानभरपाई ₹५,००,०००. आणि ज्याने हा माल मला ‘ओरिजिनल, विथ बिल’ म्हणून विकला, तो भिवंडीचा होलसेलर आजही उजळ माथ्याने धंदा करतोय.

‘स्वस्त मिळतंय म्हणून डोळे मिटून घेतलंस’ असं मला नातेवाइकांनीच ऐकवलं. तेव्हा किमतीचं आधी सांगते. २०२४च्या सप्टेंबरात २४ जोड, ₹१,१५० प्रमाणे ₹२७,६००. दिवाळीच्या आधी ६० जोड, ₹१,१०० ने ₹६६,०००. डिसेंबरात ८० जोड, त्याच भावाने ₹८८,०००. ट्रान्सपोर्ट धरून वर ₹५,७४०. बॉक्सवर एमआरपी ₹५,९९९. मी विकले ₹१,७९९ ला. हायवेवरच्या फॅक्टरी आउटलेटमध्ये याच कंपन्या स्वतः ६० टक्के सूट देतात, ‘एकावर एक’ लावतात. त्याने मला सांगितलं होतं की हा एक्सपोर्ट सरप्लस आहे, मॉलचा सीझन संपलेला स्टॉक लॉट आहे, साइज तुटक आहेत म्हणून भाव पडलाय. यात अशक्य काय होतं? ज्या ग्रुपवर ‘फर्स्ट कॉपी’, ‘मास्टर कॉपी’, म्हणजे नकली माल, असं उघड लिहिलेलं असतं त्यातून मी आधीच बाहेर पडले होते. मला तसला माल विकायचाच नव्हता, म्हणून तर बिल देणारा माणूस शोधला.

आणि त्या बिलानेच घात केला.

पहिलं बिल आलं त्या संध्याकाळचा विचार अजून डोक्यातून जात नाही. मालाच्या रकान्यात लिहिलं होतं ‘स्पोर्ट्स शूज, २४ जोड’. ब्रँडचं नाव कुठेच नाही. मी मेसेज केला, ‘दादा, बिलावर कंपनीचं नाव नाही, टाकून द्या ना.’ त्यावर त्याचा फोन आला. ‘ताई, लॉटच्या बिलात नाव घालत नाहीत, सगळे असंच घेतात. तुम्ही बिनधास्त ओरिजिनल लिहून विका.’ प्रत्येक वेळी हेच. मी लिहून विचारायचे, उत्तर फोनवर यायचं. चॅटमध्ये त्याच्याकडून फक्त अंगठा. माझ्या पन्नास प्रश्नांपुढे ‘हो, ओरिजिनल आहे’ एवढे शब्द त्या माणसाने एकदाही टाइप केलेले नाहीत. आता ते चॅट वकिलासमोर ठेवलं की अंगाचा तिळपापड होतो. इतकं पद्धतशीर काम अनुभवाशिवाय होत नाही.

दुसरी गोष्ट त्याच कागदावर होती. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचा २७, दिल्लीचा ०७. गोडाऊन भिवंडीला, बिलावरचा नंबर ०७ चा, आणि खाली कर दाखवलाय सीजीएसटी-एसजीएसटी असा निम्मा-निम्मा, जो एकाच राज्यातल्या विक्रीला लागतो. दिल्लीच्या फर्मने कराडला माल विकला तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर, लागायला हवा. हे मला सीए मैत्रिणीने प्रकरण झाल्यावर दाखवलं. तिने जीएसटीच्या साइटवर तो नंबर टाकला तर नोंदणी माझ्या पहिल्या बिलाच्या आधीच रद्द झालेली. पाहायला एक मिनिट लागतं, पैसे लागत नाहीत. पण बारावीनंतर संसाराला लागलेल्या बाईने बिलावरचा पंधरा अक्षर-आकड्यांचा नंबर वाचून राज्य ओळखावं, ही अपेक्षा आता जे ठेवतात त्यांनी आपल्या किराण्याच्या बिलाचे अंक कधी वाचलेत का? तुम्ही मात्र वाचा. पैसे पाठवायच्या आधी वाचा. आणि यूपीआयवर दिसणारं नाव बिलावरच्या फर्मचं आहे का तेही बघा. माझे पैसे तिसऱ्याच कुणाच्या तरी खात्यात गेले होते.

जानेवारीत दिल्लीहून एक ऑर्डर आली. ९ नंबरचा जोड, पैसे आगाऊ, बिल हवं, आणि ‘हे ओरिजिनलच आहे ना’ असं तो पुन्हा पुन्हा चॅटवर लिहून घेत होता. मी खुशाल ‘हो, १०० टक्के ओरिजिनल’ लिहून दिलं, कारण मला तेच सांगितलं गेलं होतं. तो गिऱ्हाईक नव्हता, कंपनीने नेमलेला तपास करणारा माणूस होता. मला होलसेलरकडून जे लेखी मिळालं नाही ते माझ्याकडून त्यांनी नीट लेखी घेतलं. ते पार्सल दिल्लीला गेलं म्हणून दावाही दिल्लीत. शिवाय ट्रेडमार्क कायद्याचं कलम १३४ कंपनीला स्वतःच्या कचेरीच्या गावी दावा लावू देतं. कराडच्या बाईने दिल्लीला खेटे घालायचे.

मार्चमध्ये दारात कोर्टाने नेमलेला लोकल कमिशनर उभा. सोबत कंपनीची माणसं, स्थानिक पोलीस आणि आदेशाची प्रत. आदेश एकतर्फी, म्हणजे मला आधी काही कळवायचं कारणच नाही. दिवाणाखालचे, माळ्यावरचे सगळे बॉक्स बाहेर काढले, उरलेले ५१ जोड मोजले, फोटो घेतले, पोत्यांत भरून सील केले आणि सुपूर्तनाम्यावर, म्हणजे सांभाळायची जबाबदारी लिहून घेऊन, माझ्याच ताब्यात ठेवले. विक्रीची वही, मोबाइलवरचे हिशेब पाहिले. कंपनीच्या माणसाने एका बुटाच्या आतल्या लेबलवरचा कोड आणि बॉक्सवरचा कोड शेजारी धरून दाखवला. दोन्ही वेगळे. समोरच्या गॅलरीत सगळी आळी उभी होती. सासूबाई देवघराच्या खोलीतून संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहीत. त्या दिवशी जी मान खाली गेली ती मी काही चोरलं म्हणून नाही, तरीही गेली.

ती पोती अजून घरात आहेत. कुणी म्हणेल टाकून द्या, जाळून टाका. चुकूनही हात लावू नका. कोर्टाचं सील तोडलं तर तो वेगळा गुन्हा ओढवतो. पेजही डिलीट करू नका, पुरावा नष्ट केल्याचा आरोप येतो. विक्री बंद करा आणि होतं तसं राहू द्या.

आता कायदा ऐका, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम १०४. नकली ट्रेडमार्कचा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ₹५०,००० ते ₹२,००,००० दंड. माझ्यावर अजून फक्त दिवाणी दावा आहे, फौजदारीची टांगती तलवार आहेच. त्याच कलमात निरपराध विकणाऱ्यासाठी वाट ठेवली आहे: पुरेशी काळजी घेतली होती, मालाबद्दल शंका यायचं कारण नव्हतं, किंवा माल कुणाकडून घेतला त्याची सगळी माहिती मागितल्यावर दिली, हे दाखवता आलं पाहिजे. सिद्ध करायचं ते विकणाऱ्याने. म्हणजे माझा बचाव मुख्यतः त्या होलसेलरच्या नावा-पत्त्यावर उभा आहे. आणि माझ्याकडे त्याचं काय आहे? रद्द झालेला नंबर, परक्याचं खातं आणि बंद पडलेला मोबाइल.

म्हणून मी पोलिसांकडे गेले. तिथून पुढचं लिहिताना शब्द आवरत नाहीत.

ठाण्यात पहिलं वाक्य, ‘ट्रेडमार्कचं आमच्याकडे नसतं, त्याला डीवायएसपी लागतो.’ खरं आहे, त्या कायद्याखाली झडती-जप्ती त्या दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. पण मी कुठे झडती मागत होते? मी फसवणुकीची फिर्याद द्यायला गेले होते, भारतीय न्याय संहिता कलम ३१८. मग म्हणाले, हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. मग म्हणाले, भिवंडीला जा. भिवंडीला फोन केला तर म्हणाले, पैसे कराडहून गेलेत, तिथेच द्या. नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यायची आहे असं स्पष्ट आहे. मी ते छापून नेलं. तर एका साहेबांनी कागद परत सरकवला आणि म्हणाले, ‘मॅडम, लिहून घेतलं तर आधी तुम्हीच आत जाल, माल तुमच्या घरात सापडलाय.’ फसवल्या गेलेल्या बाईला अशी भीती घालायची आणि फसवणारा मोकळा ठेवायचा. याला कामकाज म्हणतात?

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावला. म्हणाले, पैसे जाऊन महिने झाले, आणि माल तर तुम्हाला मिळाला, मग ऑनलाइन फसवणूक कशी? ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला लावला. म्हणाले, तुम्ही पुन्हा विकायला घेतलंत, तुम्ही कायद्याने ग्राहक नाही. जीएसटी कचेरीत रद्द नंबरवर कर घेतल्याचा पुरावा हातात धरून गेले, तर म्हणाले ऑनलाइन टाका. टाकलं. उत्तर नाही. माझ्या घरी मात्र एका आदेशावर सगळी यंत्रणा तासाभरात हजर होती. माझ्या अर्जावर साधी पोच द्यायलाही कुणाचा हात उठत नाही.

ठाण्यात घेतलं नाही तर तिथे वाद घालत बसू नका. तोच अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती सांभाळा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचा मार्ग नागरिक सुरक्षा संहितेतच आहे. माझा अर्ज अधीक्षक कचेरीने फिरवून पुन्हा त्याच ठाण्यात पाठवला. आता मी दंडाधिकाऱ्यांपुढे गेले आहे.

वकिलांचंही सांगते. इथल्या वकिलाचे ₹८,०००, दिल्लीतल्याचे ₹४५,०००. पैसे भरल्यावर कळलं की महिलांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १९८७ चा कायदा आहे, आणि आमच्या तालुका कोर्टात त्याचा बोर्डही लागलेला आहे. पोलीस ठाण्यात, कचेरीत, फोनवर इतक्या लोकांशी बोलले, एकाच्याही तोंडून हे निघालं नाही.

समन्स आलं की गप्प बसू नका. लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते, व्यापारी दाव्यात १२० दिवसांनंतर ती घेतच नाहीत. दाव्याचा नंबर ई-कोर्ट्सवर टाकून खरा आहे का पाहा, कारण मला ‘कंपनीच्या वकिलाकडून बोलतोय, ₹३०,००० पाठवा, केस मागे घेतो’ असाही एक फोन आला होता. असल्या यूपीआयवर दमडी पाठवू नका. तडजोड होते ती कोर्टात, कागदावर.

गिऱ्हाइकांचं मी थांबवलं नाही. ज्यांनी बूट परत केले त्या ३८ जणांना ₹१,७९९ प्रमाणे ₹६८,३६२ परत दिले. या सगळ्या धंद्यात, उरलेले ५१ जोड सोडून, माझ्या हातात आले होते ₹१५,९४७. आणि आतापर्यंत गेले ₹१,२१,३६२. कंपनी आता ₹१,५०,००० आणि हमीपत्रावर मिटवायला तयार आहे. माझं म्हणणं, होलसेलरला प्रतिवादी करा, मग रकमेचं बोलू. त्यावर सुनावणी व्हायची आहे.

मागच्या आठवड्यात इस्लामपूरच्या एका ओळखीच्या मुलीने मला एका ग्रुपचे फोटो पाठवले. नाव नवीन, फोटो तेच, गोडाऊनची निळी भिंत तीच, भाव ₹१,०५०. ती ₹४२,००० पाठवणार होती. वाचली. तुमच्याकडे अशी ०७ ची बिलं असतील, भिवंडीचा माल आणि वर ‘स्पोर्ट्स शूज’ एवढंच लिहिलेलं असेल, तर विक्री आजच थांबवा, पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, कॉलच्या तारखा लिहून काढा आणि आपापल्या तालुक्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. माझ्या एकटीच्या अर्जाला ते ‘व्यवहाराचा वाद’ म्हणतात. चार तालुक्यांतून त्याच माणसाविरुद्ध अर्ज गेले, तर दंडाधिकाऱ्यांसमोर मला ते जोडता येतील.