जोड न दिसणाऱ्या नक्षीसाठी क्रिटा: पत्रिकेपासून फ्लेक्सपर्यंत

इंदुरात लग्नपत्रिका, साडीच्या दुकानाचे बॅनर, गणपतीचे फ्लेक्स करणाऱ्यांना मागची नक्षी रोजच लागते. बहुतेक जण नेटवरची तयार फाइल उचलतात, म्हणून जिकडे तिकडे तेच कमळ आणि तीच जाळी. स्वतःची नक्षी काढायची असेल तर क्रिटा हे चित्रं काढायचं मोफत सॉफ्टवेअर जरूर घ्यावं. हाताने काढायच्या वेलबुट्टीसाठी ते फारच उत्तम आहे.

अशी नक्षी म्हणजे एकच तुकडा शेजारी शेजारी मांडलेला. त्यासाठी क्रिटाचं खरं बळ रॅप अराउंड मोडमध्ये. १४४० × १४४० पिक्सेलचा कॅनव्हास उघडून डब्ल्यू दाबा, की तो तुकडा चारही बाजूंना पसरलेला दिसतो. उजव्या कडेबाहेर गेलेला देठ त्याच फटक्यात डावीकडून आत येतो. त्यामुळे जोड नंतर बुजवत बसावं लागत नाही, तो मुळात तयारच होत नाही. मात्र पसारा फक्त दिसण्यापुरता असतो, एक्स्पोर्ट केल्यावर एकच तुकडा हाती येतो. झूम २५ टक्क्यांवर आणून बघत राहावं. जवळून सुंदर वाटणारं मोठं फूल लांबून सरळ रांगेत उभं दिसतं आणि नक्षीची फरशी होते.

यावर उपाय म्हणजे दर दुसरी उभी रांग अर्ध्या उंचीने सरकवलेली मांडणी, आणि इथे क्रिटा कमी पडतं. ॲडोबीच्या इलस्ट्रेटर सॉफ्टवेअरमध्ये ब्रिक बाय कॉलम निवडलं की काम झालं. इथे ते हाताने करावं लागतं. फुलं डाव्या-उजव्या कडेला टेकू न देता काढा. लेयरची (चित्राच्या थराची) नक्कल करून तिला ऑफसेट लेयरने उभ्या दिशेत ७२० पिक्सेल सरकवा. खाली गेलेला भाग वरून आत येतो. मग कॅनव्हास उजवीकडे वाढवून २८८० × १४४० करा आणि नक्कल १४४० पिक्सेल उजवीकडे न्या. आता पुन्हा डब्ल्यू दाबून मधल्या जोडावरून वेली काढा. वेली आधीच काढल्या तर कडेला तुटतात, कारण शेजारचा तुकडा आता अर्धा खाली सरकलेला असतो.

माप १४४० च का? १२० × ८० इंचांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला (दर इंचाला ७२ पिक्सेल) ८६४० × ५७६० पिक्सेलचा होतो. त्यात हा साधा तुकडा आडवा बरोबर ६ वेळा आणि उभा ४ वेळा बसतो. सरकवलेला जोडतुकडा आडवा ३ वेळा. १०२४ चा घेतला तर कडेला अर्धवट फुलं येतात. तुकडा पीएनजीतच ठेवावा. जेपेग ८ × ८ पिक्सेलच्या चौकटींत दाबलं जातं आणि दर चौकट वेगळी दाबली गेल्याने सपाट रंगावर कडेची रेघ उमटू शकते.

महेश्वरी काठांतल्या ईंट आणि चटाईसारख्या भौमितिक नक्षीसाठी मात्र क्रिटात वेळ घालवू नये. तिथे रेघ नेमकी हवी, म्हणून इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमधले टाइल्ड क्लोन्स (एका आकाराच्या मांडलेल्या नकला) बरे. मराठी मजकूरही तिथेच लावावा.

फोटोवरून पोत करायचा असेल, समजा इंदूरच्या राजवाड्याच्या खालच्या मजल्यांचा दगड, तर मोठी अडचण जोडाची नसून उजेडाची असते. एक बाजू उजळ, दुसरी काळपट, आणि तुकडे मांडले की पट्टे दिसतात. फोटो शक्यतो ढगाळ हवेत, भिंतीला समोरून काढावा. तरी फरक राहिला तर आधी हाय पास फिल्टर लावून उजेड सारखा करा. त्रिज्या सर्वांत मोठ्या दगडाहून जास्त ठेवा, नाहीतर दगडांचा उठावच जातो. मग ऑफसेट इमेजने दोन्ही दिशांना अर्धं सरकवून मध्ये आलेली जोडाची फुली क्लोन ब्रशने (दुसरीकडचा भाग उचलून उमटवणाऱ्या ब्रशने) मिटवा. ठसठशीत भेग किंवा डागही तेव्हाच काढा. एकच भेग फ्लेक्सवर २४ वेळा दिसते.