डाउनलोडचं सगळ्यात मोठं बटण खोटं असतं

टॉरेंट, म्हणजे लोकांनी एकमेकांच्या संगणकांवरून फाइल उतरवून घेण्याची पद्धत. तिच्या साइटच्या पानावर 'डाउनलोड' लिहिलेली चार-पाच बटणं दिसतात. त्यातलं सगळ्यात मोठं, हिरवंगार, खाली जाणारा बाण काढलेलं बटण म्हणजे जाहिरात. खरी लिंक कुठेतरी कोपऱ्यात, बारीक अक्षरात, लोहचुंबकाच्या चित्राशेजारी पडलेली असते. पान बनवणाऱ्याला अक्कल नव्हती असं समजू नका. पान मुद्दामच असं बनवलेलं आहे. फाइल साइटकडे नसतेच. ती हजारो लोकांच्या संगणकांवर तुकड्यातुकड्यांनी असते आणि साइट फक्त तिचा पत्ता देते. पत्ता देऊन दमडीही मिळत नाही. पैसे मिळतात ते तुमचं बोट चुकलं की.

या चुकलेल्या बोटाची सगळ्यात महाग किंमत वसूल करणारा सापळा म्हणजे 'फुकट खातं'.

मोठं बटण दाबलं की दुसरीच साइट उघडते. तुम्ही शोधत होता तेच नाव तिथे ठळक अक्षरात असतं, खाली आकार, दर्जा, 'फाइल सापडली' असा हिरवा शिक्का. विश्वास बसतो. वास्तविक ते नाव तुमच्याच मागच्या पानावरून लिंकमधून उचललेलं असतं. पडताळायचं असेल तर त्या साइटच्या शोधखिडकीत कीबोर्डवर हात फिरवून काहीही निरर्थक अक्षरं टाका. तीही फाइल 'सापडते', आणि तीही उत्तम दर्जात!

पुढे ईमेल आणि पासवर्ड मागतात. मग कार्ड. सांगतात की पैसे कापणार नाही, तुमच्या देशात सेवा देण्याचा परवाना आहे की नाही एवढंच तपासायचं आहे. कार्डावरून देश तपासायची गरज नसते, तो आयपी पत्त्यावरून, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, आधीच कळलेला असतो. कार्ड हवं असतं ते पुढच्या वसुलीसाठी. पानाच्या तळाशी, करड्या पार्श्वभूमीवर करड्याच अक्षरात लिहिलेलं असतं की काही दिवसांची चाचणी संपली की दरमहा शुल्क आपोआप सुरू होईल. ओटीपी टाकला की या कलमाला तुमची संमती झाली. आत गेल्यावर हवी ती फाइल नसते. असतात जुने, कुणी न विचारलेले खेळ आणि व्हिडिओ. 'काहीतरी सेवा दिली' हे उद्या बँकेला दाखवता यावं म्हणून ते ठेवलेले असतात. तुम्हाला तिथे पाठवणाऱ्या टॉरेंट साइटला मात्र तुमच्या नोंदणीमागे ठरलेलं कमिशन मिळून गेलेलं असतं. तुम्ही पुढे किती महिने भरता याच्याशी तिला देणंघेणं नाही.

बँकेच्या विवरणात साइटचं नाव येत नाही. येतं भलत्याच कंपनीचं, आणि रक्कम डोळ्यात न भरणारी. म्हणून दोन-तीन हप्ते सहज निघून जातात. लक्षात आल्यावर बहुतेक जण साइटवरचं खातं बंद करतात आणि निश्चिंत होतात. तिथेच चुकतं. खातं बंद झालं तरी वसुलीची परवानगी शाबूत राहू शकते. नुसतं कार्ड बदलणंही पुरेलच असं नाही, कारण कार्ड कंपन्यांच्या व्यवस्थेत नवा क्रमांक जुन्या नियमित वसुलीदारांपर्यंत आपोआप पोहोचवण्याची सोय असते. बँकेला स्पष्ट शब्दांत लिहून द्या की या व्यापाऱ्याची नियमित वसुलीची परवानगी रद्द करा, आणि कापलेल्या रकमेवर वाद नोंदवा. सोबत साइटच्या पानाचे स्क्रीनशॉट, नोंदणीचा ईमेल आणि रद्द केल्याची तारीख जोडा. वाद नोंदवायला मुदत असते, म्हणून 'पुढच्या महिन्यात बघू' नको.

आता खरी गोम. यातले कितीतरी लोक बँकेकडे जातच नाहीत. आपण चोरून काहीतरी उतरवायला गेलो होतो, हे कुणाला कशाला सांगायचं, असं वाटतं. फसवणाऱ्याचा सगळा भरवसा या संकोचावर असतो. तुम्ही कोणती फाइल शोधत होता हा बँकेच्या वादाचा विषय नाही. विषय एवढाच, की कबूल केलेली सेवा मिळाली नाही आणि शुल्काची अट लपवली होती.

दुसरा सापळा इंस्टॉलरचा. टॉरेंट फाइल म्हणजे हव्या त्या फाइलचा नुसता पत्ता, तो साधारण काही केबी ते काहीशे केबीचा असतो. लोहचुंबकाच्या चित्राशेजारच्या मॅग्नेट लिंकवर तर काहीच उतरत नाही. ती म्हणजे बहुधा ४० अक्षरांचा हॅश (फाइल ओळखण्याचा संकेतांक) असलेली नुसती ओळ, जी थेट तुमच्या टॉरेंट प्रोग्रॅममध्ये उघडते. तेव्हा बटण दाबल्यावर काही एमबीची .ईएक्सई फाइल, म्हणजे विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम, उतरली, तर ती टॉरेंट नव्हेच. प्रत्येक इंस्टॉलमागे पैसे देणाऱ्यांचा तो माल असतो: ब्राउझरचं मुखपृष्ठ बदलणारे, जाहिराती घुसवणारे, कधी पासवर्ड उचलणारे. विंडोज मूळ सेटिंगमध्ये फाइलचं एक्स्टेंशन लपवतं, त्यामुळे .एमपी४.ईएक्सई असं नाव नुसतं .एमपी४ दिसतं. ते सेटिंग आधी बदला. पासवर्ड लावलेली झिप आली आणि पासवर्डसाठी सर्वेक्षण भरायला सांगितलं, तर ती सरळ पुसा. सर्वेक्षणाचे पैसे त्यांना मिळतात, आणि पासवर्ड असल्यामुळे अँटिव्हायरसला आत डोकावता येत नाही.

पानावर कुठेही पहिला क्लिक केला की मागे नवी खिडकी उघडते, तो प्रकार त्या मानाने किरकोळ. सगळ्या पानावर एक अदृश्य थर पसरलेला असतो आणि तुमचा पहिला क्लिक त्याच्या मालकीचा. खिडकी बंद करा, झालं. 'पुढे जाण्यासाठी अलाउ दाबा' याला मात्र बळी पडू नका. दिवसभर 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस' अशा सूचना येत राहतील. दाबलंच असेल, तर ब्राउझरच्या नोटिफिकेशन सेटिंगमधून ती साइट काढा.

हे सगळं आजचं नाही. काझा या फाइल वाटून घेण्याच्या प्रोग्रॅमबरोबर २००० च्या दशकाच्या सुरुवातीलाच जाहिरातखोर सॉफ्टवेअर यायचं. सप्टेंबर २०१७ मध्ये पायरेट बे या टॉरेंट साइटच्या पानांत कॉइनहाइव्ह या सेवेची स्क्रिप्ट सापडली: पान उघडं असेपर्यंत पाहुण्याच्या प्रोसेसरवर मोनेरो हे आभासी चलन खणलं जात होतं. कॉइनहाइव्ह मार्च २०१९ मध्ये बंद झालं, पण युक्ती उरली. एकच टॅब उघडा असताना पंखा घरघरू लागला, तर टास्क मॅनेजर बघा.

पैसा किती, याचा अंदाज किकअ‍ॅस टॉरेंट्स या साइटच्या प्रकरणातून येतो. जुलै २०१६ मध्ये तिच्या कथित चालकाला पोलंडमध्ये अटक झाली. अमेरिकी तपासयंत्रणेने साइटचं जाहिरातींचं वार्षिक उत्पन्न १.२५ ते २.२३ कोटी डॉलर असावं असं म्हटलं. माग कसा लागला? एक अधिकारी जाहिरातदार बनून गेला आणि पैसे कुठे भरायचे ते विचारलं. बँक खातं हाती आलं.

आणि एक. फसल्याचं कुठे जाहीर लिहिलंत, की दोन दिवसांत निरोप येतो: 'तुमचे पैसे परत मिळवून देतो.' भाषा वकिली, लोगो नीटनेटका, आणि शुल्क आधी. बँकेत वाद नोंदवायला मध्यस्थ लागत नाही. त्या निरोपाला उत्तर देऊ नका, ब्लॉक करा.