व्हीआयए, पॅप की एचपीव्ही? तिशी ओलांडलेल्या बाईने कोणती तपासणी करावी

‘मला काही त्रासच नाही, मग तपासायचं कशाला?’ पिशवीच्या तोंडाच्या (गर्भाशयमुखाच्या) कॅन्सरचा विषय निघाला की बहुतेकजणी हेच विचारतात. पण त्रास नसतानाच तपासायचं असतं. एचपीव्ही या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या विषाणूची लागण ते कॅन्सर या प्रवासाला सहसा दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि तेवढ्या अवधीत तो रोखता येतो.

सरकारी केंद्रात बहुधा व्हीआयए होते. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभराने पांढरा डाग दिसतो का, ते बघतात. निकाल जागच्या जागी मिळतो. मुंबईच्या वस्त्यांत आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी अशी तपासणी केली, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. मात्र सगळी भिस्त बघणाऱ्याच्या नजरेवर. शिवाय पाळी गेल्यावर बघायचा भाग आत सरकतो, त्यामुळे पन्नाशीनंतर तिच्यावर फार विसंबू नये.

पॅपमध्ये गर्भाशयमुखावरच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. चांगली प्रयोगशाळा असेल आणि दर तीन वर्षांनी न चुकता जाणार असाल, तर ठीक. एकदाच केलेल्या पॅपमधून बरंच निसटतं.

निवड करता येत असेल तर मी एचपीव्ही डीएनए चाचणीच, म्हणजे थेट विषाणू शोधणारी चाचणी, सांगेन. कारण आपल्याच मातीतलं आहे. उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात सुमारे 1 लाख 31 हजार बायकांवर तिन्ही चाचण्यांची तुलना झाली. 2009 साली निष्कर्ष आले: आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, पॅप आणि व्हीआयएच्या गटांत तसा ठळक फरक दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनाही 2021 पासून हीच चाचणी पुढे ठेवते, तिशीपासून दर पाच ते दहा वर्षांनी. नमुना स्वतःलाही घेता येतो. टेबलावर झोपायच्या संकोचाने टाळणाऱ्या बायकांसाठी ही फार मोठी सोय आहे. अडचण खर्चाची आणि रिपोर्टसाठी थांबण्याची. म्हणून नमुना देतानाच विचारा: दोष निघाला तर कोल्पोस्कोपी (दुर्बिणीतून गर्भाशयमुखाची तपासणी) कुठे होईल? ज्या गावात परत येणं अवघड, तिथे आज होणारी व्हीआयए करून घ्या, एचपीव्हीची वाट बघत बसू नका.

एचपीव्हीची लस घेतली असली तरी तपासणी हवीच. आणि संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल, तर यातली कुठलीच चाचणी निवडत न बसता थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. हा विषाणू वर्षानुवर्षं शरीरात गुपचूप राहू शकतो, त्यामुळे त्या कागदावरून बाईच्या किंवा नवऱ्याच्या चारित्र्यावर कुणी बोट ठेवू नये.