कानाचं मशीन: ऑनलाइनवालं, खिशातलं, कानामागचं की कानातलं? बाबांसाठी घेताना काय काय बघितलं

आमच्या बाबांना ऐकू येतं. हे आधीच सांगते कारण घरात तीन वर्षं हेच वाक्य चालू होतं. कुकरची शिट्टी ऐकू येते, खाली कोणी गाडी लावली ते कळतं, मग मी बोलते तेवढंच कसं ऐकू येत नाही, म्हणून आई चिडायची. मग एक दिवस भाजीवाला म्हणाला साठ, बाबांनी ऐकलं आठ, दहाची नोट दिली आणि उरलेल्या दोन रुपयांसाठी हात पुढे करून उभे राहिले. तेव्हा कुठे आम्ही कान तपासायला गेलो.

तिथल्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी जे सांगितलं ते पुढच्या सगळ्या खरेदीला उपयोगी पडलं म्हणून थोडं लांबण लावते. आ, ओ, ऊ हे आवाज मोठे असतात आणि खालच्या फ्रिक्वेन्सीचे, म्हणजे खालच्या पट्टीचे. स, श, फ, थ हे बारीक, हळू आणि वरच्या फ्रिक्वेन्सीचे. वयामुळे कान जातात तेव्हा बहुतेक वेळा वरचा भाग आधी जातो. म्हणजे कोणीतरी बोलतंय हे कळतं पण काय बोलतंय ते नाही, साठ मधला स गळतो की झाला आठ. ध चा मा व्हायला आनंदीबाईच लागते असं नाही. आणि आपण ओरडतो तेव्हा वाढतो तो मुख्यतः आ आणि ओ, स तिथेच राहतो, वर समोरच्याला वाटतं ही माझ्यावर खेकसतेय.

बाबांच्या तपासणीचा ग्राफ असाच निघाला. त्यात डेसिबलचा आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी. ५०० हर्ट्झला ३० डेसिबल, म्हणजे तसं ठीक, आणि ४००० ला थेट ७०. ग्राफवर गोल म्हणजे उजवा कान, फुली म्हणजे डावा. हा कागद हातात नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही, आधी तो करा. त्याच्याही आधी कानातला मळ काढून घ्या, कधी कधी अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. आणि एका कानाने अचानक, एकदोन दिवसांत ऐकू येणं बंद झालं तर मशीनबिशीन विसरा, त्याच दिवशी ईएनटीकडे जा, तिथे उशीर झाला की उपचाराचा उपयोग कमी होत जातो.

आता मशीनं. पहिल्यांदा मी अर्थातच ऑनलाइन दीड हजारवालं मागवलं. फोटोखाली हिअरिंग एड लिहिलेलं, पण आत नुसता अँप्लिफायर, म्हणजे सगळंच मोठं करणार: पंखा, भांडी, पेपरची पानं आणि बाबांना जे आधीच नीट ऐकू येत होतं ते आ आणि ओ पण. चार दिवसांत ड्रॉवरमध्ये गेलं. शिवाय स्वस्त अँप्लिफायर मोठ्या आवाजाला नीट अडवत नसेल तर उरल्यासुरल्या ऐकण्यालाही त्रास. हे पैसे वाचवा.

खिशातलं मशीन, वायर आणि डबीवालं, हे मात्र लोक उगाच हसण्यावारी नेतात. साधारण हजार ते तीन हजारात येतं, बटणं मोठी, पेन्सिल सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, आवाजाला ताकद भरपूर. माझ्या आत्तेसासूबाई ८८ च्या, अंथरुणावर, ऐकणं खूपच कमी, बोटं वाकडी झालेली, त्यांना लाखाचं मशीन देऊन काय करणार? त्यांच्यासाठी हेच बेस्ट. पण फिरत्या माणसाला नको, माइक छातीवर असतो आणि शर्ट घासला की खरखर, वर वायर कशात ना कशात अडकते.

खरी तुलना सुरू होते ती कानामागच्या दोन प्रकारांत. एक जुनं बीटीई: कानामागे जाडसर मशीन, तिथून नळी, कानात मापाचा मोल्ड, म्हणजे आपल्या कानाच्या साच्यावरून केलेलं बूच. दुसरं आरआयसी: मशीन छोटं, बारीक वायर आणि स्पीकर थेट कानात, त्यावर रबरी डोम, म्हणजे छोटी टोपी. ऐकणं सगळ्याच फ्रिक्वेन्सींना खूप कमी असेल तर बीटीई घ्या, ताकद जास्त, टिकतंही जास्त, साधं डिजिटल असेल तर आम्हाला एका कानाचे १५ हजारांपासून भाव सांगितले. बाबांसारखं खालचं चांगलं आणि वरचं गेलेलं असेल तर उघडा डोम असलेलं आरआयसी. कारण कान पूर्ण बंद होत नाही, खालचे आवाज आपोआप आत येतात, मशीन फक्त गळलेला स आणि श भरून देतं. पण आरआयसीचा स्पीकर कानातच असल्यामुळे मळ आणि घामाने बिघडतो, वॅक्स गार्ड, म्हणजे मळ अडवणाऱ्या बारीक जाळ्या, बदलत राहायला लागतात, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवलं नाही तर मग बोलायलाच नको.

अगदी कानात लपणारं सीआयसी बाबांना हवं होतं, कोणाला दिसत नाही म्हणून. आम्ही ट्रायल घेतली. कान बुचासारखा बंद, स्वतःचा आवाज माठात बोलल्यासारखा, आणि पापड खाल्ला तर डोक्यात फटाके. ज्यांचं खालचं पण गेलंय त्यांना हे एवढं जाणवत नाही म्हणे. बाबांनी तिसऱ्या घासाला काढून टेबलावर ठेवलं.

अॅपलचे एअरपॉड्स प्रो २ पण सुचवतील कोणी ना कोणी. हिअरिंग एड म्हणून वापरायच्या त्यातल्या सोयीला अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०२४ मध्ये परवानगी दिली, तीही १८ वर्षांवरच्या आणि कमी ते मध्यम त्रासवाल्यांसाठी. ज्याच्याकडे आयफोन आहे, वय पन्नाशीचं आहे आणि फक्त मीटिंगमध्ये अडतंय त्याने जरूर बघावं. पण दिवसभर चार्जिंग पुरत नाही, आणि समोरच्याला वाटतं हा गाणी ऐकतोय. बाबांकडे अँड्रॉइड, विषय संपला.

आता माझं ठाम मत, ज्यावर घरात भांडण झालं. भाऊ म्हणाला एकाच कानाला पण भारीतलं घेऊ, दीड लाखाचं. मी म्हटलं त्याऐवजी दोन्ही कानांना मधल्या किमतीतलं, जोडी ९० हजारात. दोन्ही कान सारखेच गेलेले असतील तर दोन्हीला लावा. आवाज कुठल्या बाजूने आला ते दोन कानांवरूनच कळतं, आणि गोंगाटातून एक माणूस निवडायचा तर मेंदूला दोन्ही बाजू लागतात. दुकानवाले चॅनल, म्हणजे आवाजाचे किती पट्टे वेगवेगळे कमीजास्त करता येतात ते, मोजून दाखवतात, १६ चॅनल, २० चॅनल, टीव्ही विकल्यासारखं. मला विचाराल तर चॅनलपेक्षा फिटिंग महत्त्वाचं. एका ठिकाणी तर ग्राफ नीट न बघताच मशीन कानात घालून "आता कसं वाटतंय काका?" एवढंच विचारलं. दुसरीकडे कानात बारीक नळी घालून मशीनचा आवाज पडद्याजवळ किती पोचतोय ते मोजलं, त्याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात, हे करता का असं सरळ विचारा. आणि ऑडिओलॉजिस्टचं आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का तेही.

सेल की चार्जिंग? आरआयसीत बरेचदा ३१२ नंबरचा, तपकिरी स्टिकरवाला सेल असतो, स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची मग घालायचा, साधारण आठवडाभर जातो. हात थरथरत असतील, नजर कमी असेल तर तो शेंगदाण्याएवढा सेल बदलणं म्हणजे शिक्षा, चार्जिंगवालं घ्या. गावाकडे वीज जात असेल किंवा लांबच्या यात्रा करत असाल तर सेलवालं बरं.

पैशांचा प्रश्न असेल तर मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या त्रासासाठीची राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, तिथे तपासणी होते आणि अॅडिप योजनेत (दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची योजना) बसत असाल तर मशीनही. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या पुढच्यांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर, एकरकमी ३ हजार खात्यात येतात. त्यात आरआयसी येणार नाही हे उघड आहे, पण खिशातलं नक्की येतं. आणि मशीनवर जीएसटी नाही, कोणी बिलात लावला तर विचारा.

ज्यांचं मशीन घ्यायचं अजून ठरत नाहीये त्यांनी आधी अँड्रॉइड फोनमध्ये गुगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब टाका. फुकट आहे, मराठी समजतं, समोरचा बोलेल ते स्क्रीनवर लिहून येतं. आडनावांची वाट लावतं, चार जण एकदम बोलले की गोंधळतं, पण बँकेच्या खिडकीवर किंवा डॉक्टरसमोर एकाशी एक बोलायला मस्त. मशीन घेतल्यावरही बाबा ते वापरतात. आणि मशीन घेताना क्लिपवाला रिमोट माइक त्याला जोडता येतो का ते विचारून ठेवा, बहुतेक त्याच कंपनीचा लागतो. बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबल पडतो, आणि कुठलंही भारी मशीन ते अंतर कमी करत नाही. आईच्या पदराला लावलेला माइक करतो. ती स्वयंपाकघरातून बोलते आणि बाबा हॉलमधून उत्तर देतात, फक्त तो माइक काढायचा विसरून ती शेजारच्या काकूंशी काय बोलली हेही एकदा बाबांना ऐकू आलं.

सुरुवातीचा महिनाभर कटकट असते हे धरून चाला. पहिल्या आठवड्यात बाबा म्हणाले नळ केवढा आवाज करतो, चप्पल केवढी वाजते. घरात शांतपणे तासदोन तास, मग वाढवत न्यायचं, आणि दोनतीनदा सेटिंगला जायचं, त्याचे पैसे आधीच्या किमतीत आहेत का ते लिहून घ्यायचं. आता बाबा सकाळी चष्म्याबरोबर लावतात. लग्नाच्या हॉलमध्ये मात्र बँड सुरू झाला की दोन्ही मशीनं काढून डबीत टाकतात, आणि खरं सांगू, तिथे आम्हालाही काही ऐकू येत नसतं.